‘फिट’ आणि ‘अनफिट’ यांच्या मधल्या माणसांचे काय?

आपल्या कामगारविषयक कायद्यांना माणसाच्या दोनच अवस्था ठाऊक आहेत. एक तर तो आजारी असतो, नाही तर कामावर असतो. या दोहोंच्या सीमेवर डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचा एक कागद असतो आणि त्या कागदाला आपण सारे ‘फिट सर्टिफिकेट’ म्हणतो. हाड मोडलेल्या, विषमज्वर झालेल्या, अपेंडिक्स काढलेल्या माणसाच्या बाबतीत ही व्यवस्था बरीचशी पुरते. पण मेंदूला इजा होऊन ज्याची स्मरणशक्ती अधू झाली आहे, अशा माणसाच्या हाती हा कागद पडतो तेव्हा त्याच्या खऱ्या अडचणींना सुरुवात होते. तो चालतो, बोलतो, सही करतो. वीस वर्षांपूर्वीचा साहेब त्याला नावानिशी आठवतो. आणि आज सकाळी अकरा वाजता सांगितलेले काम साडेअकराला आठवत नाही. तो आजारी नाही आणि तंदुरुस्तही नाही. या मधल्या अवस्थेला कायद्यात नाव नाही, हजेरीपटात रकाना नाही आणि म्हणून तिला पगारही नाही. ही अवस्था त्याने कोणाच्या जिवावर ओलांडायची? आज या प्रश्नाचे उत्तर एकच आहे : नवऱ्याच्या किंवा बायकोच्या.

हा घरगुती प्रश्न आहे, त्याला या पानावर कशाला आणायचे, असे काही साथींना वाटेल. प्रस्तुत लेखकाच्या मते हा कामाच्या तासांचा, मजुरीचा आणि सामाजिक विम्याचा प्रश्न आहे. आणि तो घरात कोंडून राहिला याचे कारण चळवळीने त्याला कधी दार उघडून दिले नाही.

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात अशी माणसे किती आहेत याची मोजदाद कोणी केलेली नाही. परंतु ती कोठून येतात हे आपल्याला रोज दिसते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर एकमेकींना ओलांडणाऱ्या दोन लोकलगाड्यांच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी रुळांवर पडले. काही जण मेले, त्यांची नावे छापून आली, रेल्वेने स्वयंचलित दारांची घोषणा केली. जे जखमी होतात त्यांचे पुढे काय होते, हे मात्र अशा कोणत्याच अपघातानंतर छापून येत नाही. डोक्याला मार लागलेला माणूस रुग्णालयातून घरी जातो आणि सार्वजनिक जीवनातून नाहीसा होतो. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन्ही दिवशी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत स्फोट झाले; तेथेही हिशेब मृतांचा झाला. यांशिवाय पक्षाघात आहे, मेंदूज्वर आहे, शिळफाट्याच्या रस्त्यावर घसरलेल्या दुचाकी आहेत. वय बहुधा चाळीस ते अठ्ठावन्न. म्हणजे मुलांची शिक्षणे चालू असतात, घराचे हप्ते अर्धे भरून झालेले असतात.

आता कायदा पाहू. कर्मचारी राज्य विमा योजनेचा पाया ज्या अहवालाने घातला तो १९४४ साली प्रा. बी. पी. आडारकर यांनी लिहिला. अर्थशास्त्राच्या एका प्राध्यापकाने एकहाती केलेले ते काम आजही आदराने वाचावे असे आहे. त्यातून १९४८ चा कायदा आला आणि १९५२ साली कानपूर व दिल्लीपासून योजना सुरू झाली. आजारी कामगाराला वर्षात ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम आणि ठरावीक ३४ दीर्घ आजारांत दोन वर्षांपर्यंत ८० टक्के रक्कम, ही या योजनेची देणगी क्षुल्लक नाही. परंतु याच कायद्याच्या ६३ व्या कलमाने एक दार बंद करून टाकले. ज्या दिवशी कामगाराने काम करून मजुरी घेतली, त्या दिवसाचा आजारभत्ता त्याला मिळणार नाही. वरकरणी हे न्याय्य वाटते. दुहेरी लाभ कशाला, असे कोणीही म्हणेल. पण याचा व्यवहारातला अर्थ असा की, जो माणूस दिवसाला तीन तास काम करू शकतो आणि चौथ्या तासाला ज्याचा मेंदू दमून कोरा होतो, त्याला तीन तासांची मजुरी आणि उरलेल्या तासांचा भत्ता, अशी सोय नाही. त्याने आठही तास भरावेत, नाही तर घरी बसावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ही मधली पायरी बांधलेली नाही.

शिवाय ही योजना तरी कोणासाठी? २०१७ च्या जानेवारीत पगाराची कमाल मर्यादा २१,००० रुपये करण्यात आली. त्याहून चार पैसे अधिक मिळवणारा कारकून, दुकानातला हिशेबनीस, खासगी शाळेतला शिक्षक या छत्राबाहेर पडतो. त्याच्या हाती मेडिक्लेमचा कागद असतो. तो रुग्णालयाचे बिल भागवतो, बुडालेल्या पगाराशी त्याला कर्तव्य नसते.

आणि अपघात कामावरच झाला तर? १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, मधले बोट गेले तर १२ टक्के, असा तेथे शरीराचा भावफलक होता. त्या यादीत डोळे होते, कान होते, पायांची बोटे होती, स्मृती नव्हती. यादीत नसलेल्या इजेची टक्केवारी डॉक्टरांनी ठरवावी, असे तो कायदा म्हणत असे खरे. परंतु कापलेले बोट आयुक्तांपुढे उचलून दाखवता येते. हरवलेली आठवण कशी दाखवणार?

माझ्या घरचा अनुभव सांगणे मला आवडत नाही, पण त्याशिवाय या कामाचे तास मोजता येणार नाहीत. माझी पत्नी ठाण्याच्या एका खासगी संस्थेत हिशेब विभागात नोकरी करते. तिला मेंदूज्वर झाला, त्यातून ती वाचली आणि नऊ महिन्यांनी कामावर परतली. जुने ज्ञान जवळजवळ शाबूत होते. जमाखर्चाचा ताळा ती आजही माझ्याआधी लावते. नव्या गोष्टी मात्र टिकत नव्हत्या : बदललेला पासवर्ड, नव्या मुलीचे नाव, ‘तो धनादेश उद्या पाठवा’ ही सूचना. पहिले तीन महिने अर्धा दिवस काम द्यावे आणि अर्धाच पगार द्यावा, अशी आमची विनंती होती. ‘नियमात बसत नाही, पूर्ण बऱ्या होऊन या,’ असे उत्तर आले. तेव्हा ती पूर्ण दिवस जाऊ लागली आणि तिच्याबरोबर मीही. डोंबिवलीहून ठाण्याला जायला गाडीत तीसेक मिनिटे लागतात. पण स्त्रियांच्या डब्यात मला जाता येईना आणि तिला एकटीला तेथे सोडणे शक्य नव्हते, म्हणून आम्ही सर्वसाधारण डब्यात उभे राहून गेलो. अपंगांसाठी राखलेल्या डब्याचा विचार केला, पण हातीपायी धड दिसणाऱ्या बाईला तेथे कोण बसू देणार? संध्याकाळी तिच्या वहीतली त्या दिवसाची टिपणे दोघांनी मिळून वाचायची, दुसऱ्या दिवसाची यादी लिहायची, ती वहीच्या एकाच ठरलेल्या पानावर लिहायची. जाणेयेणे धरून माझे रोजचे चार तास याला लागत. चार महिने हे चालले. आज ती एकटी जाते.

हे काम मी करू शकलो याचे कारण माझे प्रेम किंवा चिकाटी हे नव्हे. कारण माझे निवृत्तिवेतन. दरमहा ठरलेल्या तारखेला बँकेत पैसे जमा होतात आणि माझ्या वेळेवर कोणाचा हक्क नाही, म्हणून माझी पत्नी आज नोकरीत आहे. माझ्या जागी दिवसपाळी-रातपाळी करणारा नवरा असता, तर तिची नोकरी गेली असती. ज्या समाजात कामावर परतण्याचा हक्क जोडीदाराच्या निवृत्तिवेतनावर अवलंबून असतो, तेथे तो हक्क आहे असे म्हणण्यात अर्थ नाही.

आमच्या परिचयाचे एक कुटुंब डोंबिवली पूर्वेला राहते. नवरा औद्योगिक वसाहतीत कंत्राटदाराकडे फिटर. गाडीतून पडला, डोक्याला मार लागला, पाच महिन्यांनी उभा राहिला. अवजारे हातात घेतली की हात आपोआप चालत. मेंदूच्या शास्त्राला हे ठाऊक आहे. कौशल्याची स्मृती आणि प्रसंगांची स्मृती यांची ठिकाणे वेगळी असतात, आणि दुसरी गेली तरी पहिली पुष्कळदा टिकून राहते. पण कोणता नट आवळून झाला आणि कोणता राहिला हे त्याला सांगता येईना. कंत्राटदाराने त्याला काढले असे म्हणताही येत नाही. त्याने फक्त दुसऱ्या दिवसापासून बोलावले नाही. बायको चार घरची पोळ्यांची कामे करीत होती. नवऱ्याला एकटे सोडता येईना म्हणून तिने त्यांतली दोन सोडली. म्हणजे एका अपघातात दीड मजुरी गेली आणि त्यातल्या अर्ध्या मजुरीची नोंद कोणत्याच दाव्यात होणार नाही.

पिगू या अर्थशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी एक विनोद नोंदवून ठेवला होता, जो मी वर्गात दरवर्षी सांगत असे. गृहस्थाने आपल्या पगारी मोलकरणीशी लग्न केले की राष्ट्रीय उत्पन्न घटते. मुले हसत. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत तो विनोद आकड्यांनी भरून आला आहे : घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे जातात, पुरुषांची ९७, घरातल्या माणसांची देखभाल करणाऱ्या स्त्रियांची १३४ मिनिटे, पुरुषांची ७६. तेव्हा जोडीदाराला कामावर परत आणण्याचे हे नवे काम कोणाच्या वाट्याला येणार, हे वेगळे सांगायला नको. नवरा आजारी पडला की बायको नोकरी सोडते. बायको आजारी पडली की बहुधा तिचीच नोकरी सुटते. नवऱ्यांनी हे काम अंगावर घेण्याची उदाहरणे आहेत, पण ती मोजकी आहेत, आणि त्यांचे कौतुकच अधिक होते. स्त्रियांच्या वाट्याला तेवढेही येत नाही.

सरकारी नोकराची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि ती कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २०, पोटकलम ४ असे सांगते की, नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने काढून टाकू नये किंवा त्याची पायरी उतरवू नये. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे. तेही नसेल तर योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावे. १९९५ च्या कायद्यातही ४७ वे कलम असेच होते आणि ते बंधनकारक आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली कुणाल सिंग यांच्या प्रकरणात स्पष्ट केले. महानगरपालिका, परिवहन, जिल्हा परिषदेच्या शाळा या सर्वांना ते लागू आहे. नोकऱ्यांतील राखीव जागांसाठी ४० टक्के अपंगत्वाची अट आहे. या संरक्षणाच्या कलमात ती लिहिलेली नाही. स्मृतिदोषाचे काय? कायद्याच्या परिशिष्टात ‘मानसिक आजार’ या शब्दांची जी व्याख्या आहे, तिच्यात विचार, मनःस्थिती, आकलन यांच्या जोडीने स्मृतीच्या गंभीर बिघाडाचाही उल्लेख आहे. म्हणजे दार आहे. पण दारावर जी पाटी आहे ती वाचून निम्मी माणसे परत फिरतात. ‘आमच्या यांना वेड लागलेले नाही हो,’ हे वाक्य मी एकाहून अधिक घरांत ऐकले आहे. ज्या ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे, तेथे त्या इमारतीचे नाव आजही शिवीसारखे वापरले जाते. ही लाज घालवणे हे सरकारचे काम नव्हे. ते आपले आहे.

खासगी आस्थापनांना मात्र कलम २० मधले हे अभय लागू नाही. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्यांनी समान संधीचे धोरण लिहून जाहीर करावे, एवढेच नियम सांगतो. आणि १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने तर सात दशके उलट सोय करून ठेवली होती : ‘सततच्या अनारोग्या’मुळे केलेली सेवासमाप्ती ही कामगारकपात समजायची नाही, म्हणून तिची भरपाईही नाही. आजाराने गेलेली नोकरी ही जणू कामगाराने स्वतःहून फेकून दिलेली वस्तू.

इतरत्र हे कसे करतात? जर्मनीत दीर्घ आजारानंतर डॉक्टर, कामगार आणि मालक मिळून एक आराखडा लिहितात : पहिले काही आठवडे दोन तास, मग चार, मग सहा. या काळात कामगार कायद्याने आजारीच मानला जातो आणि आजारविम्याची रक्कम त्याला मिळत राहते. वर्षभरात सहा आठवड्यांहून अधिक काळ आजारी राहिलेल्या कामगाराला बोलावून त्याच्या परतण्याची चर्चा करणे हे तेथे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. जपानमध्ये आजारी कुटुंबीयासाठी प्रत्येकी ९३ दिवसांची रजा तीन हप्त्यांत घेता येते आणि रोजगार विम्यातून तिचा ६७ टक्के पगार मिळतो. ही दोन्ही भांडवलशाहीच राष्ट्रे आहेत, क्रांती होऊन गेलेली नव्हेत. कौटुंबिक जबाबदाऱ्या असलेल्या कामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा १५६ वा ठराव १९८१ सालचा आहे. त्यात मुलांबरोबर घरातल्या इतर आधाराची गरज असलेल्या माणसांचाही विचार आहे. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ज्याला सांगितलेले आठवत नाही, त्याच्या हाती रसायनाच्या टाकीची झडप कशी द्यावी? देऊ नये. डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच आग्रह जुन्याच कामाचा नसावा. वेतन आणि सेवा अखंड ठेवून काम बदलण्याचा असावा. काही आजार वाढतच जाणारे असतात, तेथे परतण्याचा हट्ट क्रूरपणाचा ठरतो, आणि जोडीदाराला ‘आता पुरे’ म्हणण्याचा अधिकार असला पाहिजे. तो अधिकार खरा तेव्हाच, जेव्हा नोकरी सोडल्यावर चूल पेटण्याची हमी असेल. राज्यघटनेच्या ४१ व्या कलमाने आजारपणात आणि अपंगत्वात साहाय्याचे मार्गदर्शन राज्याला केले आहे, ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ ही शेपटी जोडून. त्या शेपटीनेच गेली पंचाहत्तर वर्षे प्राणी हलवला आहे.

दुसरे एक निरीक्षण. स्मृती ही एकट्याच्या डोक्यात नसते. जुन्या कारखान्यात ती भिंतीवरच्या फळ्यावर असे, पाळीच्या नोंदवहीत असे, शेजारच्या यंत्रावर वीस वर्षे उभ्या असलेल्या सोबत्याच्या डोक्यात असे. मोहोन्याच्या एन.आर.सी.सारख्या, २००९ साली बंद पडलेल्या गिरणीत एखादा कामगार विसरभोळा झाला, तर त्याची पाळी आजूबाजूचे चार जण निभावून नेत, आणि ते निभावून नेणे हे कोणी उपकार समजत नसे. कंत्राटी पद्धतीने मजुरी घटवली याबद्दल आपण पुष्कळ लिहिले आहे. तिने ही सामाईक स्मृती मोडली याबद्दल फारसे नाही. दर अकरा महिन्यांनी चेहरे बदलणाऱ्या जागी अधू स्मृतीच्या माणसाला सांभाळून घेणार कोण? त्याला तेथे काल ओळखणारे आज कोणी नसते. माझ्या पत्नीला खरी मदत झाली ती तिच्या टेबलाशेजारी सतरा वर्षे बसणाऱ्या बाईंची. त्यांनी कोणाला न विचारता प्रत्येक तोंडी सूचना एका चिठ्ठीवर लिहून द्यायला सुरुवात केली. संस्थेला त्यासाठी एक पैसाही खर्च आला नाही.

आणखी एक गोष्ट या सगळ्यात हमखास घडते. कचेरी जोडीदाराला फोन करते. ‘त्यांना जमेल का?’ असा प्रश्न ‘त्यां’ना सोडून इतर सर्वांना विचारला जातो. कामगार प्रौढ आहे, मतदार आहे, वर्गणी भरणारा सभासद आहे. त्याची आठवण अधू झाली म्हणून त्याचा आवाज वारसाहक्काने घरच्यांकडे जात नाही. संघटनेचा प्रतिनिधी बोलणी करायला जाईल तेव्हा त्याने आधी त्या माणसाजवळ बसावे, सावकाश विचारावे, आणि ठरलेले त्याच्याच वहीत त्याच्याच हाताने लिहून घ्यावे.

कंत्राटी कामगारांसाठी आपल्याकडे नमुना आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने मालक बदलला तरी कामगाराची नोंद, मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधी मंडळाकडे राहील अशी सोय केली. डोंबिवली, अंबरनाथ, वागळे इस्टेट येथल्या कंत्राटी कामगारांचे असे मंडळ असते, तर वरच्या फिटरला ‘बोलावले नाही’ असे झाले नसते. त्याची हलक्या कामावर फेरनेमणूक मंडळाकडे मागता आली असती. ही मागणी लांबच्या पल्ल्याची आहे. जवळची मागणी अशी की, यापुढच्या प्रत्येक वेतनकरारात एक कलम घालावे : सहा आठवड्यांहून अधिक आजारानंतर परतणाऱ्या कामगाराला बारा आठवडे वाढत्या तासांनी काम, पूर्ण पगार, आणि त्याच्या जोडीदाराला, तो त्याच आस्थापनेत नसला तरी, आपल्या मालकाकडे दाखवता येईल असे पत्र. शेवटच्या मुद्द्यावर मालक हसतील. बाळंतपणाच्या रजेवरही हसले होते.

तोवर शाखांनी प्रमाणपत्राचे काम हाती घ्यावे. ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात मंडळापुढे जाताना रुग्णाबरोबर जोडीदाराने तोंडी हकिकत न सांगता महिनाभराची लेखी नोंद न्यावी : कोणत्या तारखेला काय विसरले, कामात काय अडले, स्वतःची काळजी घेण्यात, बोलण्याचालण्यात कोणती मदत लागली. तपासणीच्या मोजपट्टीत हेच विषय असतात, आणि पाच मिनिटांच्या भेटीत हुशारीने बोलणारा रुग्ण त्याच मोजपट्टीवर नापास होतो, म्हणजे कागदोपत्री ठणठणीत ठरतो. अशी नोंद कशी ठेवावी हे बायकांना कोणी सांगितलेले नसते. रविवारच्या सकाळी शाखेत बसून ते सांगता येईल.